यंत्राचा आवाज माणसाचा धरण्याबाबत

दि. ११ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
सोबती ज्येष्ठ नागरिक दूरध्वनी मदतकक्ष, सांगली.

विषय : मदतकक्षाच्या इंटरनेट दूरध्वनीवरील कोडेक बदलण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. २० जानेवारीचे 'कार्यवाहीची आवश्यकता नाही' हे पत्र.

महोदय,

१. माझे वडील केरबा निकम, रा. विटा, यांनी बत्तीस वर्षे मदुराईत गलाईचे दुकान चालवले, सोने आटवले. पाच वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. तेव्हापासून ते गळ्याला एक लहान कंपनयंत्र लावून बोलत. आवाज भुंग्यासारखा येई. "माझा घसा आता चार्जिंगवर चालतोय, जपून भांडा," असे ते आल्यागेल्याला सांगत.

२. दि. ४ डिसेंबर रोजी दुपारी छातीत दुखू लागल्याने त्यांनी आपल्या कक्षाच्या ॲपवरून तीन वेळा फोन केला. तिन्ही फोन 'निरर्थक' अशी नोंद होऊन बंद झाले. आपण मला दिलेल्या ध्वनिमुद्रणात कर्मचारी भगिनी म्हणतात, "आवं, आदी मिक्सर बंद करा, मग बोला." त्यांचा दोष नाही. पहिल्यांदा ऐकताना मलाही मिक्सरच वाटला. संध्याकाळी शेजारच्या सुलाबाईंना वडील मृतावस्थेत आढळले. वेळेत मदत मिळती तर ते वाचले असते, असे डॉक्टर सांगत नाहीत. मीही म्हणत नाही.

३. आवाज आकसवून इंटरनेटवरून पाठवण्यासाठी आपण जी-७२९ हा कोडेक वापरता. त्यात कमी इंटरनेटवर जास्त फोन बसतात, हे आपले कारण रास्त आहे. परंतु ही पद्धत मानवी कंठ गृहीत धरून आवाजाचा सारांश पाठवते, आणि आपली यंत्रणा सतत येणारी गुणगुण गोंगाट म्हणून गाळते. त्या सारांशात माझे वडील उरले नाहीत.

४. खात्रीसाठी मी वडिलांचे यंत्र स्वतःच्या गळ्याला लावून बोलायला शिकले. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. जमायला नऊ दिवस लागले. मग आपल्या कक्षास चौदा फोन केले. दर वेळी नाव, गाव आणि 'ही चाचणी आहे' एवढेच सांगितले. चौदाही निरर्थक ठरले. पंधराव्या वेळी माझा क्रमांक उपद्रवी म्हणून बंद केल्याचे कळले. त्यानंतर आपले तंत्रज्ञ श्री. जयराज यांनी चाचणीच्या जोडणीवर ओपस हा कोडेक लावून, गोंगाट गाळणे बंद ठेवून, मला बारा वाक्ये बोलायला लावली. अकरा त्यांनी बिनचूक लिहून घेतली. बारावे त्यांना कळले, पण त्यांनी ते लिहिले नाही. याबद्दल त्यांना बोल लावू नये.

५. तिसऱ्या फोनवर वडील काय म्हणाले, ते पाच वर्षांच्या सवयीमुळे अनेकदा ऐकल्यावर मला उमगले. "ऱ्हाऊ द्या ताई. तुमालाबी लय फोन येत असत्याल." बारावे वाक्य हेच होते.

६. तरी ओपस प्रथम पसंतीचा ठेवावा. इंटरनेट अपुरे पडेल तेथेच जी-७२९ वापरावा. गोंगाट गाळणे बंद करावे. तिन्ही नोंदींतून 'निरर्थक' हा शब्द काढावा आणि माझा क्रमांक खुला करावा. चाचणीस बोलवाल त्या दिवशी मी हजर राहीन. यंत्र मी रोज चार्ज करते.

ऐकून घ्यावे, इतकेच मागणे.

आपली नम्र,
(सही)
सृष्टी केरबा निकम, विटा

सोबत : १. तिन्ही फोनचे ध्वनिमुद्रण. २. श्री. जयराज यांच्या हस्ताक्षरातील अकरा वाक्ये.
यंत्र जोडलेले नाही. ते मला लागते.