तळ्यावरचा घोसाळ्यांचा मांडव

१२ जून
घोसाळ्याची फुलं परत सडली! पाकळ्यांवर केसांसारखी राखाडी बुरशी, टोकाला काळे ठिपके. सड आता कोवळ्या फळात उतरतेय.
सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "हातगुणच वाईट. हिच्या हाती फूलसुद्धा धरत नाही."
मूल नाही, त्याचा टोमणा. मूल कुठून होणार? नवरा तीन वर्षं कोरियात, जहाजावर.
धाकट्या बहिणीचा, थोमचा फोन. हायफाँग शहरात ती काम करते त्या शिवणखान्यात एक जागा आहे, या महिन्यापुरतीच. कशी जाऊ? हिवाळ्यात सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांची कूससुद्धा मीच बदलते.

१३ जून
पाऊस.

१४ जून
मांडवात वाराच शिरत नाही — माझ्यासारखाच गुदमरलाय! खालची दाट पानं कापली. सासूबाई ओरडल्या, "बोडका केलास वेल!" करू देत आरडाओरडा. संध्याकाळी वरून पाणी मारायचे, ते बंद. आता सकाळी, फक्त मुळाशी. सडकी फुलं तळ्यात टाकत होते. आता लांब खड्ड्यात, वर चुना.

१९ जून
उन्हं चढण्याआधी नरफूल खुडून मादीफुलांवर फिरवत होते. दारातून आवाज, "अगं, हळू! परागकण टेकव, घासू नकोस!" सासूबाई पाट ओढत, बसल्या बसल्या सरकत आल्या होत्या. मग म्हणाल्या, "फळ धरलं की वाळलेलं फूल टोकावरून काढून टाक. ओल तिथेच साचते." हे आधी सांगायला काय झालं होतं?
तरी दोघी हसलो. पहिल्यांदाच.

२४ जून
नवी फळं स्वच्छ! तळ्यातल्या खेकड्यांबरोबर कालवण केलं. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं.
"आता इथंच जीव रमेल तुझा."
मांडव वाचवला की स्वतःभोवती कुंपण घातलं?

२७ जून
थोम म्हणते, "ताई, उद्यापर्यंत सांग. नाहीतर दुसरीला घेतील."
नाही म्हणून सांगणार आहे. सासूबाईंना पाणी कोण देणार?

२८ जून
घोसाळी हातोहात खपली. बाजारातून लवकर परतले.
सासूबाई मांडवाखाली उभ्या. काठी नाही, आधार नाही. टाचा उंचावून वाळलेली फुलं खुडत होत्या.
"कधीपासून, आई?"
त्यांनी हातातलं फूल खाली टाकलं. मग, "वसंतापासून. सांगितलं असतं तर गेली असतीस."
मी तिथूनच थोमला फोन लावला. येते म्हणाले.
मग सासूबाईंना विचारलं, हायफाँगची सकाळची बस किती वाजता?
त्यांनीच सांगितलं.