बर्फाचं ओझं, अव्वाचा ओटा

लुलेओ, स्वीडन
ता. ९ फेब्रुवारी १९४७

ती. महादेवी आक्कास,
शि. सा. न. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. निजाम सरकारनं एवढा खर्च करून तुला नेमकं काय शिकायला पाठवलंय, असं तू विचारलंस. तर ऐक. या मुलखावर एके काळी दोन मैल जाडीचं बर्फ होतं. त्याच्या ओझ्यानं जमीन खाली दबली. फार खोलवरचा तापलेला खडक हजारो वर्षांच्या हिशेबानं घट्ट काकवीसारखा वागतो, तो दाबानं हळूहळू बाजूला सरकला. मग बर्फ वितळलं. त्याला नऊ-दहा हजार वर्षं झाली, तरी जमीन अजून वर येतेच आहे, शंभर वर्षांत दोन हात. जुन्या लोकांनी किनाऱ्याच्या खडकावर पाण्याच्या पातळीला खुणा खोदल्या होत्या, त्या आता माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत. जिथं गलबतं लागायची तिथं गाई चरतात. आम्ही त्या खुणा मोजत हिंडतो.

आक्का, मन लागत नाही. भाकरी नाही, आपल्या भाषेत हाक मारणारं कुणी नाही. परवा किनाऱ्यावर एकटाच असताना आप्पांना मोठ्यानं हाक मारून पाहिली. अव्वासारख्या आईला माती देऊन पंधरा दिवसही झाले नव्हते आणि मी निघालो, म्हणून आता गेलास तर परत तोंड दाखवू नकोस, असं ते म्हणाले. सहा महिने झाले, त्यांची एक ओळ नाही. इथले प्रोफेसर आणखी पाच वर्षं राहा म्हणतात. आप्पांनी एकदा ये म्हटलं तर शिक्षण संपताच बोटीत बसेन. त्यांनी म्हटलंच नाही, तर येऊन कुणाच्या दारात उभा राहू?

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा
शांतलिंग

मुरूम, ता. उमरगा
ता. २० एप्रिल १९४७

चि. शांतलिंग यास अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र पोचलं. मी ओसरीवर बसून वाचलं. आप्पा म्हशीला पेंड घालत होते, आपल्याला काही घेणं नाही असं दाखवत. मी आवाज जरा खाली आणला तर तिकडून ओरडले, मोठ्यानं वाच, म्हशीला ऐकू येत न्हाय. बर्फाचा भाग त्या म्हशीनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

मग म्हणाले, ओझं जाऊन धा हजार वर्सं झाली तरी जिमीन इसरली न्हाय, आन आमचं पोरगं पंधरा दिसांत इसरलं. हे मी गाळणार होते. पण तुझ्यापासून काय लपवू?

आता नवीनच एक ऐक. अव्वाच्या समाधीची माती पावसाळ्यात नीट बसली, म्हणून वर ओटा बांधायचं ठरलं. गोरोबा गवंड्यानं चिरे घडवून शेतात आणून टाकले. काम सुरू व्हायच्या दिवशीच आप्पांनी त्याला परत धाडलं. दगडाच्या ओझ्यानं जिमीन खाली जाती, शिकल्या-सवरल्या पोरानं कागदावर लिवलंय, तिच्या अंगावर म्या ओझं ठेवणार न्हाय, म्हणाले. गोरोबानं कपाळावर हात मारून घेतला. पत्र तू लिहिलंस आणि बसून राहिलाय गवंडी. आता तूच निस्तर.

मी महिन्याभरासाठी माहेरी आले होते, त्याला आठ महिने झाले. आप्पांना एकटं सोडवत नाही. तुझे दाजी उमरग्याहून येतात, जेवतात आणि लगेच माघारी जातात. मला माझं घर आठवतं रे.

प्रकृतीला जप, आमच्यावर माया ठेव.
महादेवी

लुलेओ
ता. १४ जून १९४७

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि. चूक माझी. ते बर्फ शेकडो कोस पसरलेलं होतं हे मी लिहायला हवं होतं. आप्पांना सांग, म्हणजे म्हशीला सांग, की गोरोबानं जन्मभर घडवलेले सगळे चिरे एका जागी रचले तरी जमिनीला पत्ता लागणार नाही. अव्वाला ओट्याचं ओझं होणार नाही. काम करून घ्या, तिच्यावर उघडी माती आहे हे मला इथं सोसवत नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. बर्फाच्या ओझ्यानं त्याच्या काठाबाहेरची जमीन उचलली गेली होती, ती आता खाली बसते आहे. तिच्यावर कधी बर्फ नव्हतंच, तरी तिला हलावं लागलं. हे वाचताना तुझी आठवण आली. अव्वा गेली, मी निघालो आणि संसार तुझा मोडला. मला माफ कर.

आप्पा माझ्या येण्याविषयी काही बोलले का? प्रोफेसरांना नाताळापर्यंत उत्तर द्यायचं आहे.

तुझ्या मायेचा भुकेला
शांतलिंग

मुरूम
ता. ७ सप्टेंबर १९४७

चि. शांतलिंग यास अनेक आशीर्वाद.
संसार मोडला वगैरे लिहू नकोस, दाजींनी वाचलं तर रुसतील. तुझा खुलासा आप्पांनी शेवटपर्यंत ऐकला आणि तरी ओट्याला नाहीच म्हणाले. मग मी गोरोबालाच गाठलं. त्यानं आधी टाळाटाळ केली, मग बोलला. आपल्या घरात म्हणे समाधीचा पहिला चिरा पोराच्या हातानं बसतो. आजोबांचा आप्पांनी बसवला होता. आप्पांनी गोरोबाला शपथ घालून सांगितलंय, माझा पोरगा येईतवर दगडाला हात लावू नको. तुझ्या बर्फाचं त्यांनी नुसतं निमित्त केलं!

मी आप्पांना धरलं. म्हटलं, एवढं वाटतं तर एक ओळ लिहा. तर म्हणाले, तोंड दाखवू नको म्हणालो त्याला, आता बाप होऊन कोणत्या तोंडानं बोलावू. शांतू, तू न बोलावता ये. दोघांतल्या एकानं तरी हट्ट सोडा.

वाट पाहणारी
महादेवी

लुलेओ
ता. १८ डिसेंबर १९४७

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र उशाखाली ठेवलंय. हट्ट नाही ग, भीती आहे. आप्पा रागावले तर मला चालेल. मी समोर उभा राहिलो आणि त्यांनी ओळख न दाखवता तोंड फिरवलं, तर मात्र मी कुठलाच राहणार नाही. प्रोफेसरांना मी आणखी एक वर्ष थांबतो एवढंच सांगितलं. ते एक वर्ष आप्पांच्या बोलावण्याची वाट पाहण्यासाठी मागून घेतलंय. तिकडच्या दंग्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रात येतात. लवकर लिही.

शांतलिंग

मुरूम
ता. २ नोव्हेंबर १९४८

चि. शांतलिंग यास अनेक आशीर्वाद.
आम्ही जिवंत आहोत. फेब्रुवारीत रझाकारांच्या भीतीनं सगळं गावच उठलं, आम्ही आठ महिने सोलापुरात पाहुण्यांकडे काढले. तुझा पत्ता लिहिलेली वही घाईत घरीच राहिली, त्यावरून मी रोज स्वतःला बोल लावला. परत आलो तेव्हा तुझी चार पत्रं एकदम मिळाली. आप्पा आधी शेतात जाऊन आले. चिरे जागेवर आहेत. मग माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, लिव. ते बोलतील तसं लिहिते.

चि. शांतलिंगास बंडप्पाचा आशीर्वाद. म्या बरा हाय. डोळ्यास्नी कमी दिसतंय. म्हस सोलापुरास नेता आली न्हाय, माघारी आलो तवा दावं तेवढं व्हतं. आता तुजी पत्रं म्याच ऐकतो.

दगडानं जिमीन खाली जात न्हाय ह्ये मला आदीबी ठावं व्हतं. तुज्या अव्वाला माती दिली तवा, तू घरात ऱ्हावास, असं लई वाटलं. ते बोलाय आलं न्हाय, तोंडातनं दुसरंच गेलं. लई चुकलं माजं.

तू गेलास त्या दिशी म्या उमरग्याच्या मोटार-अड्ड्यावर आलतो. मुरुमापासनं चालत. हाटेलाच्या मागं हुबा व्हतो. मोटारीत चढायच्या आदी तू दोनदा मागं वळून बघितलंस, पर म्या पुढं आलो न्हाय. ह्ये महादेवीलाबी आज कळतंय, लिवता लिवता रडाय लागलीया.

आता तू ये. कंच्या दिशी, कंच्या मोटारीनं येतूस ते आदी कळव. म्या अड्ड्यावर येतो. मला लांबचं वळखू येत न्हाय, तवा उतरल्याबरूबर मोठ्यानं हाक मार.

बंडप्पा