श्यामरावची सोंगं

९ नोव्हेंबर, सकाळ
दूधवाला आला. म्हणजे श्यामराव. तरुणपणी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात यानं माझा राजाचा रोल पळवला, तेव्हापासून स्वतःला ग्रेट ॲक्टर समजतो. हल्ली सोंगं बदलून माझ्या मागे फिरतो. ॲक्टिंग भिकार. तोंडावर सांगितलं. तर म्हणे, गुरुजी, तुमाले काय होऊन राहिलं जी? डायलॉगसुद्धा पाठ नाही.

११ नोव्हेंबर
लाखांदूरच्या एसटीत कंडक्टर श्यामराव. पोट उशीचं. बोट टोचून पाहिलं. मला मधेच उतरवलं. चालत आलो. व्यायाम झाला.

१३ नोव्हेंबर
बायको, कुंता, भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, दुर्मीळ आजार आहे; एकच माणूस वेश बदलून सगळीकडे भेटतो असं वाटतं. गोळ्या दिल्या. श्यामरावच्या हातच्या गोळ्या खायला मी काय येडा आहे? मोरीत टाकल्या. पांढरा कोट मात्र फिटिंगचा होता.

१६ नोव्हेंबर
उद्या गावची मंडई. नाटकाच्या निमित्तानं शहापूरचे पाहुणे गुड्डीला पाहायला येणार. एकुलती एक पोर, आणि मुलगा तिला मनापासून आवडलाय. कुंता म्हणाली, उद्या तोंड बंद ठेवजा जी, पोरीचं जमू द्या. ठेवणार. माझा कंट्रोल जबरदस्त आहे.

१७ नोव्हेंबर
कंट्रोल ठेवला. चहापर्यंत. मुलाच्या बापाच्या मिशा इतक्या टुकार चिकटवल्या होत्या की राहवेना. ओढल्या. निघाल्या नाहीत. गोंद चांगला वापरलाय. पाहुणे नाटक न पाहताच गेले. गुड्डी जेवली नाही. वाईट वाटलं. दोष श्यामरावचा.

१९ नोव्हेंबर
एक टकला म्हातारा काठी टेकत आला. म्हणे, यादोराव, मीच श्यामराव, वळखत नाई काय गा मले? हसूच आलं. अख्ख्या तालुक्यात श्यामराव नसलेला हा एकटा! चहा पाजला, सगळी केस सांगितली. डोळे पुसत ऐकत होता. शहापूरला जाऊन पाहुण्यांचे पाय धरतो म्हणाला. भला माणूस.

२५ नोव्हेंबर
जमलं! अट एकच: मी मांडवात दिसायचं नाही.
मग कन्यादान कोण करणार, विचारलं. गुड्डी खाली पाहत म्हणाली, बाबा, श्यामकाका करतीन. तेच, काठीवाले.
म्हणजे तो टकला श्यामरावच होता. तेवढं एक सोंग उत्तम वठलं, आणि नेमका तिथे मी फसलो.
हाही रोल गेला. दाराआडून पाहीन. पोर पाया पडताना त्याला रडू येतं का, ते. मला आलं असतं.