तीन चाकांवरून पडण्याचा मान

ती. दादास,

धाकटीचा सप्तांग नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण आठांपैकी एक अंग सध्या प्लास्टरमध्ये आहे आणि खोटा नमस्कार घालायची आपल्या घरात पद्धत नाही. डावं मनगट आहे, लिहायचा हात शाबूत आहे, तेव्हा घाबरून फोन करू नकोस. तुझी कंबर कशी आहे? काठी वापरतोस की नुसती दाराआड उभी करून ठेवलीस? आमच्याकडे सगळं क्षेम. इतकं क्षेम की चार दिवस झाले, मी घरात आपली आपणच हसते आणि आमचे हे स्वयंपाकघरातून डोकावून बघून जातात. कारण, दादा, बातमीच तशी आहे. मी पडले! तीन चाकांच्या मोटरसायकलवरून, भर रस्त्यात, सतरा दुचाकीस्वारांच्या डोळ्यांदेखत पडले! तुझ्या धाकट्या बहिणीचं अभिनंदन कर.

तुझं मागचं पोस्टकार्ड मी आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. (माझं पत्र लाल पेनने तपासून परत पाठवलंस, तेही मिळालं. अकरा चुका. निवृत्त झालास तरी तुझ्यातला मुद्रितशोधक काही निवृत्त होत नाही.) त्यात तू लिहिलं होतंस, 'तीन चाकी मोटरसायकल ही गाडी नसून फर्निचर आहे. ज्यावरून पडता येत नाही, त्यावर बसणाऱ्याला स्वार म्हणू नये.' वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते. म्हणजे जेवले, पण चवीने नाही. अरे, मला काय हौस होती? तीस वर्षं दोन चाकांवरूनच हॉस्पिटलात गेले ना? पण डावा गुडघा बदलल्यापासून थांबलेली गाडी पेलवेना. चालत्या गाडीला गुडघा लागत नाही रे, थांबलेल्या गाडीला लागतो. सिग्नलला तीनदा कलंडले, तीनदा वेगवेगळ्या अनोळखी माणसांनी काखेत हात घालून उभी केली, तेव्हा ठरवलं की आता मागे दोन चाकं हवीत. एका म्हाताऱ्या फोटोग्राफरची जुनी लाल गाडी मिळाली. हे म्हणाले, "घे. पण मला मागे बस म्हणू नकोस." झाली संमती.

आता शिकण्याचं सांगते. तुला वाटेल, त्यात शिकायचं काय, पाट मांडून बसावं तसं बसायचं. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच दिवशी चौकात थांबताना सवयीने पाय खाली टेकवला आणि मागचं चाक माझ्याच पायावरून गेलं. (माणसाने स्वतःच्या गाडीखाली स्वतः येणं ही गोष्ट मी तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही नोंदवली नव्हती.) दुसऱ्या दिवशी वळणावर सवयीने झुकले. मी झुकले, गाडी झुकली नाही. ती सरळ निघाली आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीवर पुढचं चाक टेकवून उभी राहिली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "काय देऊ?" मी म्हटलं, "क्रेप बँडेज." या गाडीचं हँडल वळवावं लागतं, अंग नव्हे. चाळीस वर्षं अंगाने वळलेल्या बाईला हे समजायला महिना लागला. दोन्ही दंड भरून आले, पण शिकले.

मग मी ठरवलं, मंडळात जायचं. आमच्या गावच्या दुचाकी मंडळाचे सभासद दर रविवारी सकाळी पेट्रोलपंपाशेजारच्या उपाहारगृहात जमतात, चहा पितात, एकमेकांच्या सायलेन्सरचं कौतुक करतात आणि मग ओळीने डोंगराकडे जाऊन परत येतात. मी तिथे उतरले आणि हेल्मेट काढलं, तर अर्धं मंडळ उभं राहिलं. आदराने नव्हे, आठवणीने. अरे, मला तिथे माणसांची नावं ठाऊक नव्हती, हाडं ठाऊक होती! अध्यक्ष म्हणजे बेकरीवाले, दोन्ही नडग्या, एकाच पावसाळ्यात. चिटणीस चष्म्याच्या दुकानाचे, उजवा घोटा, वर प्लास्टरच्या आत पट्टी घालून खाजवायचे म्हणून माझ्याकडून बोलणी खाल्लेले. कोपऱ्यातला दाढीवाला म्हणजे अंगठा. सगळ्यांना मी ओल्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या आणि सहा सहा आठवड्यांनी करवतीने सोडवलं होतं. सगळे "या प्लास्टरबाई, या" करून चहा मागवायला लागले. तेवढ्यात कोणाची तरी नजर बाहेर माझ्या गाडीवर गेली आणि चहा अर्ध्यावर थांबला.

घटनेत लिहिलंय म्हणे, सभासदाचं वाहन दोन चाकांचं असावं. चिटणिसांनी ते कलम चष्मा बदलून दोनदा वाचलं, पण चाकं वाढेनात. मी म्हटलं, दोन आहेतच की माझ्या गाडीला, वर एक जास्त आहे. अध्यक्ष मात्र खरोखर कष्टी झाले. भला माणूस आहे. म्हणाले, "बाई, कलमाचं सोडा. पण ज्याला पडायची भीती नाही, त्याला आमचं दुःख काय कळणार?" मी म्हटलं, "अहो, तुमचं दुःख मी पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत गुंडाळलंय." तरी सभासद काही केलं नाही. पाहुणी म्हणून ओळीच्या शेवटी यायला हरकत नाही, एवढं ठरलं. (तुझंच पोस्टकार्ड त्यांनी वाचलं होतं की काय, असा मला दाट संशय आला.)

तर अशी मी पाहुणी. रस्त्याने जाताना समोरून येणारे मोटरसायकलवाले आमच्या ओळीतल्या प्रत्येकाला हात दाखवत. माझ्यापर्यंत पोचले की तोच वर केलेला हात तसाच नेऊन हेल्मेट खाजवत. उपाहारगृहासमोर गाडी लावायला गेले तर राखणदार म्हणे, मोटारींकडे लावा. मोटारींकडे गेले तर तिथला म्हणे, दुचाक्यांकडे लावा. शेवटी मी फुलझाडांच्या कुंड्यांमध्ये लावली, तिथे कोणी काही म्हटलं नाही. पण एक दिवस मात्र माझाही आला. डोंगरावरच्या थांब्याला जागा उताराची आहे. निघताना सगळे स्वार आपापल्या गाड्या पायांनी रेटत मागे घेत होते, कपाळावर शिरा, तोंडाने हुं हुं, अंगठावाल्याला तर सासू आठवली असणार. आणि मी? मी रिव्हर्स गिअर टाकला. माझी गाडी टीं टीं करत, मोठ्या घरच्या बाईसारखी, आपली आपण मागे आली. चिटणिसांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी बरणीत भरून ठेवायला तयार होते.

आता गेल्या रविवारचं. त्या दिवशी माझ्याबरोबर एक बाई होत्या, ओळखीतल्याच. गाडीची हौस फार, सराव बेताचा. आम्ही नेहमीसारख्या ओळीच्या शेवटी. परतीच्या वाटेवर खडीच्या खाणीनंतर उजवीकडे एक लांब वळण आहे. पुढचे सतरा जण एकामागून एक झुकत गेले, मोठं देखणं दिसतं ते, मी नाही म्हणत नाही. आणि मग आमची गाडी त्या वळणावर जरा जास्तच वेगात घेतली गेली. (वाक्याचा कर्ता शोधू नकोस, दादा. पुढे वाच.) उजवं मागचं चाक जमिनीवरून उचललं. मला ते दिसलं. चाक इतकं हळू वर आलं, जणू विचारून येतंय. मी झुकले, ओरडले, पुन्हा झुकले, आणि पुढच्याच क्षणी आम्ही दोघी डावीकडच्या गवतात. गाडी आडवी, आणि ते वरचं चाक हवेत सावकाश फिरतंय. सोबतच्या बाई ताडकन उठल्या, आधी इंजिन बंद केलं आणि मग मला विचारलं, "लागलं का?" मी गवतात पडल्या पडल्या मनगट चाचपलं आणि सांगितलं, "खालचं टोक मोडलंय, सरकलेलं नाही, सहा आठवडे." नोकरी सुटली तरी बोटं विसरत नाहीत.

तोवर मंडळ मागे फिरलं होतं. अध्यक्ष त्या दोन नडग्यांवर धावत आले. नडग्या जुळल्यापासून हा माणूस धावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. आले ते आमच्याकडे आधी, हे कबूल करते, आम्ही जिवंत आहोत हे बघून घेतलं. मग त्यांनी ते फिरणारं चाक पाहिलं आणि चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "पडली!" ते ओरडले. "अरे, तीन चाकांवरून पडली!" सतरा जण गाडीभोवती गोल उभे राहिले. कोणी म्हणे, हे होऊच शकत नाही. कोणी म्हणे, दोन चाकांवरून काय, कोणीही पडतं, तीन चाकांवरून पडायला अंगात काहीतरी लागतं. अंगठावाल्याने चक्क टाळ्या वाजवल्या. दादा, माझा हात ठणकत होता, तोंडात गवत होतं, आणि मला आयुष्यात इतकं आपल्या माणसांत आल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

सभा तिथेच भरली, खाणीच्या कडेला, उभ्या उभ्या. चिटणिसांनी पेट्रोलच्या पावतीच्या मागे दुरुस्ती लिहिली ती अशी: 'सभासदाचं वाहन दोन किंवा अधिक चाकांचं असावं, मात्र त्यावरून पडणं शक्य असलं पाहिजे.' एकमताने मंजूर. आम्हां दोघींना सभासद करून घेतलं. अध्यक्षांनी स्वतःच्या जाकिटाचा बिल्ला काढला आणि माझा हात ज्या रुमालात अडकवला होता, त्या रुमालाला लावला. मग सगळ्यांनी मिळून गाडी सरळ केली (आरसा एक गेला, बाकी ओरखडासुद्धा नाही) आणि मला हॉस्पिटलात नेलं. पुढे नऊ मोटरसायकली, मागे आठ, मध्ये आम्ही. समोरून जो जो मोटरसायकलवाला आला, त्याने हात केला आणि शेवटपर्यंत तो खाजवला नाही! हॉस्पिटलात माझ्या जागी आलेल्या बाईंनी प्लास्टर घातलं. चांगलं घातलं, फक्त अंगठ्यापाशी घडी राहत होती ती मी काढायला लावली. आता त्या प्लास्टरवर सतरा सह्या आहेत आणि हे रोज संध्याकाळी चष्मा लावून त्या वाचतात.

तर दादा, फर्निचरवरून कोणी पडत नाही. सबब तुझं पोस्टकार्ड मी लाल पेनने दुरुस्त करून सोबत परत पाठवते आहे. एकच चूक होती, पण पूर्ण वाक्यभर होती.

तब्येतीला जप. काठी वापर.

तुझी,
सभासद

ता. क. — तू कर्ता शोधल्याशिवाय झोपायचा नाहीस हे मला माहीत आहे. कर्ता वहिनी. गाडी ती चालवत होती, मी मागे होते. तिला खरचटलंसुद्धा नाही. दर रविवारी दातांच्या डॉक्टरकडे म्हणून पहाटेच्या बसने येते ना, ती माझ्याकडे येते. (रविवारी कोणता दातांचा डॉक्टर दवाखाना उघडतो, हे तुझ्यासारख्या चुका काढणाऱ्याला अडीच महिन्यांत सुचू नये?) तिचे दात ठणठणीत आहेत. रागावू नकोस. पहिल्यांदा आली तेव्हा गाडीभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाली, "वन्सं, ही आडवी होत नाही ना? मग ह्यांना चालेल का? थांबा, आधी मीच चालवून बघते." तुझ्यासाठीच शिकली रे. मग तिची तिलाच गोडी लागली, ते वेगळं.

ता. क. २ — आता खरं काम. तू पडलास त्याला चार वर्षं झाली. तेव्हा वहिनीने तुझी मोटरसायकल विकायला लावली आणि तू गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या ऐकायला लागलास. बसल्या जागेवरून कोणती गाडी कितव्या गिअरमध्ये आहे ते सांगतोस, हे तिनेच मला रडत सांगितलं. त्या दिवशी गवतातून उठून कपडे झटकताना ती म्हणाली, "एवढंच असतं होय पडणं? मी उगाच चार वर्षं घाबरले." हे तुझ्या तोंडावर सांगायचं तिला धाडस होईना, म्हणून हे एवढं लांबलचक पत्र. माझा हात सुटेपर्यंत गाडी तुमच्याकडे राहील. या रविवारी ती इथून गाडी घेऊन निघेल आणि दहाच्या सुमाराला तुझ्या फाटकाशी हॉर्न देईल. तू खाली उतर. पहिल्या दिवशी हँडल मागू नकोस, गुपचूप मागे बस, आणि वळणावर झुकू नकोस. नंतर ती देईल, मी बोलले आहे तिच्याशी.

ता. क. ३ — डोक्याला बसणार नाही ही सबब सांगू नकोस. हेल्मेट तुझ्याच मापाचं आहे. तू दुपारी झोपलेला असताना तिने शिवणाच्या टेपने माप घेतलं होतं. दोनदा. पहिल्यांदा तू कूस बदललीस.