किन्हवलीचे मेज

२६ ऑक्टोबर १९९८, शहापूर

वस्तुस्थिती क्रमाने लिहिते. ईश्वरविज्ञानाच्या पदव्युत्तर परीक्षेत मी पहिली आले. माझा वर्गमित्र किशोर ग्रीकमध्ये दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेस सुटला. त्यानंतर दोघांनी पाळकीय दीक्षेसाठी, म्हणजे पाद्री होण्यासाठी, अर्ज केले. त्याला दीक्षा मिळाली. मला मिळाली किन्हवलीची स्त्रीसभा आणि रविवारची शाळा! दीक्षा देणाऱ्या चर्च-मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "आधी काम करून दाखवा, मग पाहू." काय पाहणार? माझी ग्रीक की माझा पदर?

१ नोव्हेंबर, किन्हवली

येथले पाळक रेव्हरंड अनंतराव. आजचे प्रवचन उधळ्या पुत्रापासून निघाले ते शेणव्याच्या एसटीपर्यंत पोहोचले. वचनाकडे परतलेच नाही. द्राक्षरस संपला, म्हणून येशूच्या स्मरणार्थ घ्यायच्या प्रभुभोजनाच्या प्याल्यात कोकमाचे पाणी! मी उपासनेनंतर आक्षेप घेतला, तर अनंतराव म्हणाले, "बाई, येशूनं पान्याचा रस केला, आपन रसाचं पानी केलं!" सगळी मंडळी हसली. पाळकाला हे शोभत नाही.

१५ नोव्हेंबर

स्त्रीसभेत गुणाबाईने विचारले, "एवडी शिकलीस गो बाय, मंग तू पाद्री का नाय झालीस?" अपमान अज्ञानातून झाला तरी तो अपमानच.

६ डिसेंबर

प्रभुभोजनाची प्रार्थना संपते न संपते तोच अनंतरावांना भोजनाच्या मेजाशीच घेरी आली. खुर्चीत बसवले. तिथूनच त्यांनी भाकरीचे ताट माझ्यापुढे केले — "घ्या बाई. तुमी द्या." मी मागे सरले. दीक्षा नसलेल्याने हे भोजन देऊ नये, असा मंडळाचा नियम आहे. "धर ना गो!" गुणाबाई ओरडली. "आमी तुजा कागद मागतो का?" मागून कोणी तरी — "परीटघडीची बाय ती, सुरकुती पडंल!"

मंडळी भोजनाविना घरी गेली. माझे बरोबरच होते.

१७ डिसेंबर, शहापूर

दीक्षेची मुलाखत. किन्हवलीचा प्रकार अध्यक्षांच्या कानी गेला होता. "प्रसंग आला तेव्हा तुम्ही मेजापासून मागे सरलात. पाळकाचे काळीज लागते, बाई." मी नियम सांगितला. "नियम पाठ आहेत हो तुम्हाला!" — हसले.

"आणि मी भोजन दिले असते तर?"

"तर नियमभंग!" शेजारचे सभासद बोलून गेले. अध्यक्षांनी डोळे वटारले.

अर्ज फेटाळला. हात पुढे केला तर अपराध, मागे घेतला तरी अपराध! ढोंगी! आणि त्यांच्या नियमाची राखण मी करत होते — उपाशी मंडळीसमोर!

३ जानेवारी १९९९, किन्हवली

अनंतराव अजून अंथरुणावर. मंडळाने दुसरा पाळक धाडला नाही. आज मी भाकर मोडली, प्याला दिला.

मंडळाला कळवले: "दीक्षा नसताना, पूर्ण विचारांती, प्रभुभोजन मी दिले. पुढेही देईन. कोणत्या कलमाखाली काय कारवाई करणार, ते लेखी कळवावे."