गारठ्यात अडकलेले कार्बन

अहमदपूर, गुरुवार

प्रिय अप्पा,

शरणु शरणार्थी. आईचे गुडघे कसे आहेत? इकडं गारठा लई आहे आणि प्यायला पाणी नाही. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा वाटलं होतं, कचेरी जवळ आली, आता टँकर वाढतील. वाढले थोडे, पण त्याहून जास्त गावं कोरडी पडली. तुमचे जावई वरच्या वाडीचा टँकर चालवतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

महिनाभर त्या गाडीनं छळलं. पहाटे चालू केली की चार्जिंगचा लाल दिवा विझायचाच नाही. उन्हं चढून इंजिन तापलं की आपोआप विझायचा. मिस्त्री यायचा दुपारी. मीटर लावून म्हणायचा, “काही न्हाई हो, चांगली चार्ज करून राहिली.” ब्याटरी नवी टाकली, पट्टा ताणून बसवला, तरी तेच. डिझेल जळतं म्हणून मालक चन्नबसप्पा विहिरीवर पाण्याची टाकी भरताना इंजिन बंद करायला लावायचे, आणि मग त्या उपाशी ब्याटरीवर गाडी परत चालू व्हायची नाही. मालकांना वाटायचं, हे डिझेल विकून बहाणे सांगतात. एकदा जेवता जेवता हे मला एवढंच म्हणाले, “मल्ले, मी खोटा न्हाई गं.”

सोमवारी गाडी भरायच्या विहिरीवरच अडकली. वाडीत थेंब नव्हता. धुरपताबाई म्हणून एक म्हातारी आहे, ह्यांना लेकरासारखं जपायची. ती दोर धरून आडात उतरली आणि पडली. दुसऱ्या ट्रकनं ओढून गाडी चालू करून हे दुपारी पोचले, तर लोकांनी खाली ओढून मारलं. “म्हातारी गेली, तुझ्यापायी गेली!” असा एकच गलका. फाटक्या सदऱ्यानं घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. हातात दिलेला तांब्या तसाच खाली ठेवला.

बुधवारी पहाटे मी मालकांना उठवलं. तुमच्या ब्याटरी-डायनामोच्या दुकानात मीटर धरून उभी राहायची मी, तेवढंच शिक्षण. गाडी थंड असतानाच बघायची होती. चार्ज केलेली ब्याटरी बसवली, मालकांना स्टार्टर मारायला लावला. काटा बाराच्या पुढं सरकेना. थेट डायनामोवर मीटर धरलं, तिथंही तेवढंच, म्हणजे दोष वायरीत नव्हता. मग स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं डायनामोला हळूच ठोकलं. काटा उडून चौदाला गेला, दिवा विझला. थोड्या वेळानं पुन्हा पेटला. पुन्हा ठोकलं, पुन्हा विझला. खोलून बघितलं तर आतले कार्बन, फिरत्या भागाला घासून वीज घेणारे ते काळे तुकडे, झिजून नखाएवढे उरलेले, आणि त्यांच्या खोबणीत वाडीच्या रस्त्याची धूळ तेलात भिजून घट्ट बसलेली. गारठ्यात ते अडकायचे, तापल्यावर सुटायचे. खोबण साफ करून नवे घातले. आज पहाटे गाडी सुरू होताच दिवा विझला. मालक डोकं धरून खाली बसले. “चोर म्हणलो गं मी त्याला,” म्हणाले.

अप्पा, ह्यातलं काहीच ह्यांनी बघितलं नाही. मंगळवारी मी उठले तेव्हा अंथरूण रिकामं होतं आणि चपला दारात. स्टँडवर विचारलं, माहूरला जाणाऱ्यांना निरोप दिले, कुणालाच दिसले नाहीत. खोटा होता म्हणून पळाला, असं लोक म्हणायला लागले, म्हणून मी गाडीला हात घातला. आणि धुरपताबाई जिवंत आहे. नांदेडच्या दवाखान्यात आहे, पाय मोडलाय. शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं म्हणे, “डायवरला लई लागलं का?” आपल्यापायी एक जीव गेला असं समजून हे गेलेत, अप्पा. पोरके होते तेव्हा तुम्हीच त्यांना दुकानात थारा दिलात, म्हणून वाटतं, देगलूरलाच येतील. हे पत्र तिकडच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देते आहे. आले तर काही विचारू नका. दारातच सांगा, म्हातारी जगली. बाकी सगळं मागून. आणि आले नसतील तर दुकानाला कुलूप लावून तसेच निघून या. मी एकटी किती विहिरींत वाकून बघू?

तुमचीच,
मल्लम्मा