अकरा डोकी आणि आत्याची कात्री

इब्नेझर कॉलेज, टिंबर क्रीक, आयोवा
सोमवार, ४ डिसेंबर १८९३

आदरणीय कीझाया आत्यास,

तुझा भाचा हायरम याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सध्या पाचच अंगं चालतात, तेवढ्यांचा गोड मानून घे. अक्षर कोंबडीच्या पायासारखं दिसेल, कारण ते डाव्या हाताचं आहे; उजव्या हाताची हकीकत पुढे येईलच.) तुझा गुडघा आता कसा आहे? एनॉस आतोबांचा खोकला थांबला का? डीकन मजेत आहे ना? (त्याच्यासारखा गुणी वळू अख्ख्या तालुक्यात नाही, हे मी इथे सगळ्यांना सांगत असतो.) आणि ओढ्याकाठचं खालचं कुरण यंदा कसं आहे? गवत कापून झालं असेल. तिथली जमीन अजून तशीच सपाट आहे ना? सहज विचारतो. या पत्रासोबत दोऱ्याने बांधलेली एक पुडी आहे. ती पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडू नकोस, आणि मांजरीपासून लांब ठेव.

तुझं पार्सल पोचलं. हॅम इतका उत्तम होता की त्याच्या हाडावरून दोन माणसांचं भांडण झालं. आतोबा घोड्यांच्या पायाला चोळतात ते औषध आम्ही अकरा जणांनी एका आठवड्यात संपवलं. वर्गात आमच्या शेजारी आता कोणी बसत नाही, आणि टांग्याचे घोडे मात्र आम्हाला ओळख देतात. पार्सलाच्या तळाशी कात्री होती आणि तिला तुझी चिठ्ठी होती: "फोटो मिळाला. मधल्या रांगेतला भिजलेला मेंढरांचा कुत्रा तूच ना? केस कापल्याशिवाय माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही." आत्या, हे वाचून मला वाईट वाटलं. केस मी हौसेने वाढवलेले नाहीत. फुटबॉलमध्ये डोक्यावर काही घालायची सोय नाही, म्हणून देशातला प्रत्येक खेळाडू जूनपासून न्हाव्याकडे जायचं बंद करतो आणि सप्टेंबरात स्वतःचीच गादी डोक्यावर घेऊन मैदानात उतरतो. टक्कर झाली की ते केस मध्ये येतात. (डोक्याच्या आत काही असलंच तर ते वाचतं. आमच्या संघाकडे पाहता ही काळजी फाजील होती, असं आमचे प्राचार्य म्हणतात.)

हा खेळ तू पाहिलेला नाहीस, म्हणून दोन शब्दांत सांगतो. नाव फुटबॉल असलं तरी पायाचा फारसा संबंध नाही. चेंडू काखेत घ्यायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या अंगावरून, खालून किंवा आरपार जाऊन त्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, की आपल्याला गुण. स्वतःच्याच रेषेपलीकडे नेऊन टेकवला तर समोरच्यांना दोन गुण. (असं कोण शहाणा करेल, असं तू म्हणशील. थांब जरा.) गेल्या वर्षी आम्हाला एकही गुण मिळाला नाही. म्हणून सप्टेंबरात प्राचार्य डॉ. मॅक्लिंटॉक यांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं की नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत इब्नेझर कॉलेजच्या नावावर एक तरी गुण लागला तर खेळ राहील, नाही तर संघ बंद. खजिनदारांना मैदानात बटाटे लावायचे होते. ते त्या दिवसापासून मैदानाकडे सासू नव्या सुनेकडे बघते तसे बघू लागले.

तू म्हणशील, जाऊ दे की बंद. आत्या, मी इथे पहिली दोन वर्षं भोजनगृहात खिडकीजवळच्या कोपऱ्यात एकटा जेवलो. हे तुला कधी लिहिलं नाही. कोणी वाईट वागत होतं असं नाही, कोणाला माझं नाव माहीत नव्हतं एवढंच. आता मी दारातून आत आलो की नऊ जण ओरडतात, "हायरम, इकडे! जागा धरलीय." ते सगळे नादान खेळाडू आहेत, त्यांच्या अंगाला घोड्याच्या औषधाचा वास येतो, पण ते माझे आहेत. हा संघ मोडला तर मी पुन्हा त्या कोपऱ्यात जाईन, आणि तिथे थंडीचा वारा फार येतो.

आता संघ कसला ते ऐक. इथे धडधाकट पोरं दहाच निघाली. अकरावे आमचे लॅटिनचे प्रोफेसर लॅथ्रप. (प्रोफेसरांनी खेळू नये असा नियम कुठेच नाही. बहुधा कोणाला तशी गरज वाटली नसावी.) माणूस देवासारखा, आणि तीच अडचण. समोरच्याला धक्का लागला की ते थांबून माफी मागतात, आणि तो माणूस तोवर चेंडू घेऊन पार गेलेला असतो. त्यांना ओढून पुढे न्यायला सोपं जावं म्हणून मी त्यांच्या विजारीच्या पट्ट्याला मागून एक चामडी मूठ शिवली. मोठ्या कॉलेजांत सगळे शिवतात. (तुझ्या जुन्या ट्रंकेची एक मूठ कुठे गेली, हे तू मागे विचारलं होतंस. ती सुखरूप आहे.) पहिल्याच सामन्यात समोरच्यांना ती मूठ सापडली आणि त्यांनी प्रोफेसरांना दुपारभर सामानासारखं इकडून तिकडे ठेवलं. मध्यभागी आमचा ओबडाया स्नो असतो. तो पाद्री व्हायला शिकतोय. चेंडू पायांमधून मागे द्यायचा आणि खेळ सुरू करायचा, एवढंच त्याचं काम. पण प्रत्येक वेळी त्याआधी तो डोळे मिटून प्रार्थना करतो. त्याचं आमेन होईपर्यंत समोरचे आमच्या छातीवर बसलेले असतात.

अशा सेनेने हंगाम गाजवला. पहिल्या सामन्यात समोरून एक लोहार खेळला. शुक्रवारी त्याचं नाव त्यांच्या कॉलेजात लागलं, शनिवारी तो आमच्या अंगावरून चालत गेला आणि सोमवारी परत भट्टीवर हजर झाला. दुसऱ्या सामन्याला आमच्या एकाची गाडी चुकली, म्हणून यजमानांनी मोठ्या मनाने त्यांचा एक गडी आम्हाला उसना दिला. तो आमच्या बाजूने इतका सुरेख खेळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर सवयीने त्याने आमचेच दोघे जायबंदी केले. (त्यातला एक उजवा हात माझा. त्याने मनापासून माफी मागितली, हे सांगायला हवं.) तिसऱ्या सामन्याचं मला फारसं आठवत नाही, आणि डॉक्टर म्हणतात की ते चांगलंच आहे. आमचे एकूण गुण शून्य. समोरच्यांचे किती ते लिहीत नाही, तुला आकडे वाचून धाप लागते.

उरला थँक्सगिव्हिंगचा सामना, आमच्याच मैदानावर, थॉर्नबरी कॉलेजशी. सकाळपासून गारठा, वरून पाऊस आणि बर्फ एकात एक मिसळून पडत होतं. प्राचार्य छत्रीखाली उभे होते. मध्यंतरालाच खजिनदार घड्याळ बघून निघून गेले. थॉर्नबरीचा ब्रॅडिश म्हणून एक गडी आहे. त्याचे सोनेरी केस खांद्यापर्यंत येतात आणि ते बघायला दोन तालुक्यांतल्या मुली येतात. तो एकटाच आम्हाला पुरून उरला. शेवटाजवळ त्यांचे चोपन्न झाले होते आणि आमचं भोपळ्यापुढे पाऊल सरकेना. मी आशा सोडली, आत्या. चिखलात पालथा पडल्या पडल्या मी त्या कोपऱ्यातल्या टेबलाचा विचार करत होतो.

तेवढ्यात काय झालं, तर सगळ्यांचा एक ढीग झाला. त्या ढिगात ब्रॅडिश दोनतीनदा गरगरला आणि चेंडू घेऊन एकदम बाहेर निसटला. त्याचे ते प्रसिद्ध केस भिजून, चिखल लागून हनुवटीपर्यंत तोंडाला चिकटले होते. त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. समोर कोणी अडवेना म्हणून तो खुशीत सुसाट सुटला तो थेट स्वतःच्याच रेषेकडे. आमच्यातलं कोणी हललं नाही. देवळाच्या खांबांसारखे उभे राहिलो. हलले फक्त प्रोफेसर लॅथ्रप. देवमाणूस हात उंचावून त्याच्या मागे धावला. "अहो ब्रॅडिश! अहो, जरा ऐका! तुमची दिशा..." मी डाव्या हाताने त्यांच्या मागची ती मूठ पकडली. ओबडायाने माझे पाय पकडले. आम्ही तिघं चिखलात आडवे झालो. अख्ख्या हंगामात आमच्या संघाने यशस्वीपणे अडवलेला हा एकमेव माणूस. पलीकडे ब्रॅडिशने चेंडू झोकात जमिनीला टेकवला, केस मागे सारले आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिला.

चोपन्न विरुद्ध दोन. आम्ही रडलो, आत्या. थॉर्नबरीवाल्यांना वाटलं हरल्यामुळे रडतायत, त्यांनी आमच्या पाठी थोपटल्या.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. संध्याकाळी कॉलेजचं सणाचं जेवण होतं. डॉ. मॅक्लिंटॉक टर्की कापत होते, आणि कापता कापता त्यांनी मला उभं केलं.

"टटल, त्या दोन गुणांसाठी तुमच्या संघाने नक्की काय केलं?"

"काही नाही, सर."

"चेंडूला हात लावला?"

"नाही, सर."

"त्या माणसाला काही अडवलं, वळवलं?"

"नाही, सर. त्याला सांगायला निघालेल्याला अडवलं." (प्रोफेसर बशीकडे बघत होते.)

"मग ते तुमचे कसे? जे कमावलं नाही, ते माझ्या हिशेबी तुमचं नाही."

तेवढ्यात ओबडाया उठला. तोंडात रताळं होतं, ते त्याने गिळलं.

"सर, तीन वर्षं दर रविवारी तुम्हीच सांगत आलात, की माणसाला जे तारतं ते त्याच्या कर्तबगारीने मिळत नाही, वरच्याच्या कृपेने मिळतं. आणि कृपा नालायकालाच मिळते. आमच्याइतके नालायक तुम्ही कुठे पाहिलेत? आता हे गुण नाकारायचे असतील तर नाकारा, सर. पण मग रविवारी आम्ही काय ऐकत होतो, तेही सांगा."

सुरी थांबली. प्राचार्यांना आमचे दोन गुण पुसायचे तर स्वतःची तीस वर्षांची प्रवचनं पुसावी लागणार होती. ते टर्कीकडे बघत म्हणाले, "बस, स्नो. गुण मान्य." मग त्यांनी ओबडायाला टर्कीची तंगडी वाढली. असं त्यांनी आजवर कोणासाठी केलेलं नाही.

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. आमच्याकडे देवाने दिलं ते खजिनदाराने नेलं. माझं लक्ष सहज खिडकीबाहेर गेलं, तर मैदानावर कंदिलाच्या उजेडात घोडे. मध्यंतरालाच खजिनदारांनी निकाल गृहीत धरून नांगरवाल्याला सांगून ठेवलं होतं, आणि ओबडाया कृपेवर बोलत असताना तिकडे नांगराचं तासामागून तास पडत होतं. अर्धं मैदान उलथून झालं होतं. प्राचार्य म्हणाले की त्यांनी शब्द खेळाबद्दल दिला होता, जमिनीबद्दल नाही. नव्या वर्षाआधी संघाने स्वतःची जागा दाखवली तर ठीक, नाही तर जागेवाचून संघ कसला? म्हणजे संघ आहे, गुण आहेत, कृपासुद्धा आहे. उभं राहायला जमीन तेवढी नाही. आगीतून निघून फुफाट्यात पडायलाही जागा लागते, आत्या.

असो. रडगाणं फार झालं. माझ्यासाठी तू जीव जाळू नकोस, मी हळूहळू कोपऱ्यातल्या टेबलाची सवय करीन. आतोबांना नमस्कार. गुडघ्याला जप, अंगणात निसरडं झालं असेल.

तुझा हतभागी भाचा,
हायरम टटल

ता.क. – वर ज्या खालच्या कुरणाची सहज चौकशी केली, ती तितकीशी सहज नव्हती. ते तुमच्या घरापासून लांब असलं तरी इथून चालत जाण्याजोगं आहे आणि गवत कापल्यावर तिथे आतोबा काहीच करत नाहीत. आम्हाला फक्त सप्टेंबर ते थँक्सगिव्हिंग हवं. डीकनला हलवायची गरज नाही. तो समोर असला तर आमची पोरं निदान पळायला शिकतील.

ता.क. दुसरा – आतोबा आधी नाही म्हणतील. तू भोपळ्याचं सारण घालून तो गोड 'पाय' भाज, त्यांचा दुसरा तुकडा संपत आला की विषय काढ.

ता.क. तिसरा – आता पुडी सोड. घाबरू नकोस, ते मेलेलं काही नाही. केस आहेत. ओबडाया म्हणतो की कृपा विकत घेता येत नाही, ती नुसती मागावी. पण तो तुला ओळखत नाही. तुझ्याकडे आजवर बिस्किटसुद्धा हातपाय धुतल्याशिवाय मिळालेलं नाही, म्हणून मी आधीच तुझी कात्री घेऊन आरशापुढे बसलो होतो. (डाव्या हाताने. एक कान थोडक्यात वाचला.) प्रोफेसर लॅथ्रप दारात आले, त्यांनी विचारलं, मी सांगितलं. चष्मा काढून ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "हायरम, एकट्याने का? सरका." आजवर ते मला टटल म्हणत आले आहेत. मग बाकीचे आले. पुडीतले तांबडे केस माझे, करडे प्रोफेसरांचे, कुरळे ओबडायाचे; उरलेले आठ जण तुला कुरणात प्रत्यक्ष दाखवीन. हंगाम संपलेला आहे आणि पुढच्या सप्टेंबरापर्यंत केस पुन्हा वाढतात, हे तुला सांगू नये असं बहुमत होतं, पण प्रोफेसरांना ते बरं वाटेना.

उत्तर लवकर पाठव. आणि गुडघा दुखत असताना बसून काही विणायला घेणार असशील तर अकरा टोप्या विण. इथे काल रात्रीपासून बर्फ पडतोय.